राखणदार गावीच राहिला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत हिवतापाने माणसं हैराण झाली होती. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली सरकारला अहवाल दिला. रोग पसरवणारा डास वाड्यांच्या आणि घरांच्या विहिरींत वाढतो, तेव्हा विहिरी बुजवा किंवा झाका, असं त्याचं सार होतं. पालिकेने नोटिसा काढल्या आणि तक्रारींचा पाऊस पडला. कुणी खर्चाचं कारण दिलं, कुणी धर्मकृत्याचं. बऱ्याच मालकांचं म्हणणं मात्र सरळ होतं: या विहिरीत कुणीतरी राहतं, त्याला कोंडलं तर घरावर संकट येईल. हे अर्ज ज्या कचेरीत जमले तिथे रुस्तुम पेस्तनजी मसानी होते. पुढे ते मुंबईचे पहिले भारतीय म्युनिसिपल कमिशनर झाले. अर्जांवर शेरा मारून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी मुंबईच्या विहिरींतल्या शक्तींची माहिती जमवली, ती युरोपातल्या जलपूजेशी ताडून पाहिली आणि १९१८ साली 'फोकलोर ऑफ वेल्स' हे पुस्तक छापलं. मुंबईची भुतं आणि युरोपची भुतं एका पंगतीला बसवण्याचं काम शंभर वर्षांपूर्वी पालिकेतल्या एका माणसाने केलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मसानींच्या वाटेने थोडं पुढे जाऊन रशिया, युक्रेन, पोलंड, झेकिया, स्लोवाकिया या स्लाव मुलखातली भुतं आणि आपली कोकण-देशावरची भुतं शेजारी ठेवून पाहावीत, एवढाच या लेखाचा खटाटोप. आपल्याकडे स्लाव भुतं दोनदा आली. पहिल्यांदा सोव्हिएत काळातल्या स्वस्त, रंगीत पुस्तकांतून. कोंबडीच्या पायांवर उभ्या झोपडीत राहणारी बाबा यागा गिरणगावातल्या कित्येक मुलांना त्या पानांवरच भेटली, कारण डाव्या चळवळीच्या सभांच्या दारात ही पुस्तकं विकायला असत. दुसऱ्यांदा ती आता आली, फोनच्या आणि संगणकाच्या पडद्यावर, पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांच्या 'विचर' कथांवरच्या खेळांतून. काळाचौकीच्या आजच्या पोराला स्लाव रानातला लेशी ठाऊक असतो आणि आपल्या शिवेवरचा देवचार ठाऊक नसतो.

आपल्या बाजूची नोंद कशी झाली, ते आधी सांगायला हवं. ए. एम. टी. जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या, हे आपण शाळेत शिकतो. याच जॅक्सनने गुजरात आणि कोकणातल्या शाळामास्तरांना लोकसमजुतींबद्दलची प्रश्नावली धाडली होती, हे मात्र कुणी शिकवत नाही. ठाण्यातलं अंजूर, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं चौक, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं फोंडा अशा गावांतून मास्तरांची उत्तरं आली. जॅक्सन गेल्यावर आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती संपादून छापली. कोकणाचा भाग १९१५ साली निघाला आणि त्यावरून वाढवलेलं 'द फोकलोर ऑफ बॉम्बे' १९२४ साली. म्हणजे आपल्या भुतांची ही मोठी शिरगणती गावच्या मास्तरांनी केली आहे. कोकणच्या भागात बहुतेक मास्तरांची नावं नाहीत, फक्त गावं आहेत, याची मला हळहळ वाटते. पुढे दुर्गा भागवत, रा. चिं. ढेरे, दामोदर कोसंबी यांनी लोकदैवतांकडे पाहायची दृष्टी दिली. पण त्यांची नजर देवांवर जास्त स्थिरावली. भुतं मागेच राहिली.

मास्तरांच्या उत्तरांत आणि त्याआधीच्या जेम्स कॅम्बेल यांच्या नोंदींत एक वाटणी दिसते. ती लोकांनी स्वतः केलेली आहे: घरचं भूत आणि बाहेरचं भूत. घरचं भूत म्हणजे आपलंच माणूस, इच्छा राहून गेलेलं. ते घराण्याबाहेर कुणाला त्रास देत नाही. बाहेरचं भूत जागेचं असतं. झाड, तिठा, पाणवठा, मसणवट, गावाची शीव ही त्याची ठिकाणं. तिथे गेलात तर ते धरतं. कोकणात आजही आजारी माणसाला पाहून कुणी 'बाहेरचं असेल' असं म्हटलं, तर कुणाला अर्थ विचारावा लागत नाही.

आता रशियात पाहा. दिमित्री झेलेनिन या अभ्यासकाने १९१६ साली पाण्यात राहणारी रुसाल्का आणि अकाली मेलेली माणसं यांवर ग्रंथ लिहिला. त्याने शेतकऱ्यांच्या बोलण्यातली अशीच एक वाटणी शोधून काढली. वय होऊन, रीतीने मेलेले ते पूर्वज. ते घरादाराचं रक्षण करतात, ठरल्या दिवशी जेवायला येतात. बुडून, फास लावून, वेळेआधी मेलेले ते वेगळे. त्यांना माती स्वीकारत नाही. आयुष्याचा राहिलेला काळ ते मेल्या जागेच्या आसपास काढतात. त्यांना नेहमीच्या स्मशानात पुरत नसत, वर फांद्या टाकून ठेवत. झेलेनिन वाचताना मला सारखा मुंजा आठवत होता. मुंज झाली, सोडमुंज आणि लग्न राहिलं, पोर गेलं. ते पिंपळावर राहिलं. झेलेनिनच्या शेतकऱ्याला मुंजा एका वाक्यात समजला असता.

यात सगळ्यात जड हिशेब बायकांचा आहे. बाळंतपणात किंवा विटाळात गेलेली अळवंतीण, दिवसांत गेलेली हडळ, सवाष्ण मेलेली जखीण, विधवेची लावसट: कोकणच्या यादीत बाईच्या मरणाच्या इतक्या परी आहेत की ती यादी म्हणजे त्या काळच्या बाळंतिणींच्या मृत्यूंची नोंदवहीच वाटावी. दुसरेपणाची बायको पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालत असे, कारण गेलेली सवत छळेल ही धास्ती. ज्या घरात पहिली बाळंतपणात गेली आणि वर्षाच्या आत दुसरी आली, त्या घरातली ही धास्ती होती. साती आसरांना आपण अप्सरा म्हणतो, पाणवठ्यावर त्यांची खणानारळाने ओटी भरतो. कॅम्बेलच्या नोंदीतलं उत्तर मात्र अंगावर काटा आणतं: पोरंबाळं झाल्यावर पाण्यात जीव दिलेल्या तरण्या बायका म्हणजे आसरा. रशियन रुसाल्का हीसुद्धा बुडालेली किंवा लग्नाआधी गेलेली मुलगी. ईस्टरनंतर सातव्या आठवड्यात ती नदीतून वर येऊन राईत फिरते, तेव्हा गावच्या मुली बर्चच्या झाडांना फिती बांधतात. संगीतकार द्वोर्झाक यांच्या १९०१ सालच्या ऑपेराने तिला जगभर नेलं आणि तिची प्रेमकथा केली. मूळ मुलखात ती विहीर-नदीला जवळ केलेल्या बाईची आठवण होती. आसरांना ओटी देताना आपल्या बायकाही अशाच कुणाला तरी मान देत आल्या आहेत.

स्लाव यादीत नसलेली एक गोष्ट आपल्या यादीत ठसठशीत आहे, ती म्हणजे जात. मुंजा, समंध, ब्रह्मराक्षस हे ब्राह्मणाचे, खवीस मुसलमानाचा, काफ्री हा गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसाचा. कुणाला गोडाचा नैवेद्य लागतो, कुणाला कोंबडं, कुणाला दारू. जिवंतपणी ज्याला जे पान मिळालं तेच मेल्यावरही वाढलं आहे. लोकसाहित्याचं कौतुक करताना आपण ही बाजू झाकतो. ते करू नये. माणसाला मरणानेही जातीतून सोडवलं नाही, याचा पुरावा कोणी शोधत असेल तर तो या यादीत आहे.

एका भुतावर दोन्हीकडचं अगदी तंतोतंत जमतं आणि ते भीतीचं नाहीच, ते हेव्याचं आहे. रत्नागिरीकडे बायंगी म्हणतात. ती विकत मिळते, असं सांगतात. कुणी एकाएकी पैसेवाला झाला, त्याचं भात शेजाऱ्यापेक्षा वर आलं, की गाव कुजबुजतं: बायंगी आणली. ती शेजाऱ्याचं ओढून मालकाच्या घरात भरते. पण दरसाल तिची मागणी वाढत जाते, पुरवली नाही तर मालकाचं घर धुऊन नेते. स्लोवाकियात हाच कारभार झ्मोक करतो. काखेत अंडं उबवून त्यातून निघालेलं ओलं कोंबडीचं पिल्लू, तेच झ्मोक. ते घरात पाळायचं, खाऊ घालायचं. ते दुसऱ्यांच्या कोठारातलं धान्य आणून टाकतं आणि शेवटी त्याला घराबाहेर काढणं जिवावर येतं. सगळ्यांची जमीन सारखीच कंगाल असलेल्या गावात एकजण वर कसा आला, याला उत्तर लागतं. गावात सावकार कोण, मुंबईहून मनीऑर्डर कुणाला येते, हे प्रश्न विचारणं अवघड; बायंगी म्हणणं सोपं.

बाहेरच्या भुतांकडे वळलं की जागेची मालकी कुणाची हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ तिथेच आहे. रशियात रानाचा धनी लेशी, पाण्याचा वोद्यानोय, भर दुपारच्या शेताची पोलुद्नित्सा. लेशी वाटसरूला त्याच वाटेवर गोल गोल फिरवतो, मग कपडे उलटे घालून, पायताणं उलटसुलट करून सुटका करून घ्यायची. आपल्याकडे हे काम चकवा करतो. जाणती माणसं सांगतात, फिरू नका, बसा, विडी पेटवा, उजाडू द्या. पोलुद्नित्सा उन्हात राबणाऱ्याला गाठते, मान मुरगळते. आपल्याकडेही बाराच्या उन्हात तिठ्यावर जाऊ देत नाहीत. भर दुपारी काम थांबवायला लावणारं भूत शेतमजुराच्या बाजूचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण लेशी फक्त रानाचा मालक. कोकणातला राखणदार, गोव्यातला देवचार हा त्याहून मोठा अधिकारी. त्याची हद्द आखलेली असते. शिवेच्या आत तो रात्रभर फिरतो, चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, चोराला वाट सापडू देत नाही. त्याला वर्षाची राखण द्यायची: रोट, कोंबडा, विडी, कुठे दारू. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबा आहे, जयवंत दळवींच्या गावचा. पुरुषभर उंचीच्याही वर गेलेली उभी मूर्ती, आणि नवस फेडणारे लोक आणतात ती केळी आणि चामड्याच्या चपला. साध्या मापाच्या नव्हेत, माणसाच्या पायाला कधीच न बसणाऱ्या, मूर्तीच्या मापाच्या. जाड तळ, रुंद पट्टे, चांभाराकडून मुद्दाम शिवून घेतलेल्या. देवळात त्या जोडीजोडीने मांडलेल्या असतात. वेतोबा रात्री गावात फेरी मारतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या, असं लोक सांगतात. सगळ्या महाराष्ट्रात वेताळ म्हणजे भुतांचा राजा, अमावास्येला पालखी काढणारा. आरवलीत तो गावाचा पहारेकरी झाला आहे आणि गाव त्याच्या पायाची काळजी घेतं.

आता मुंबई. १९२१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांवर माणसं मुंबईत होती. ती कोकणातून बोटीने आली, गावाच्या सामायिक खोल्यांत राहिली, गिरण्यांत लागली. पूर्वेला शिवडी-माझगावच्या भरावावर कापसाचा बाजार आला, कॉटन ग्रीनची गोदामं उभी राहिली, आणि तिथे गासड्या उचलायला साताऱ्याकडचे माथाडी आले. या माणसांबरोबर काय आलं आणि काय आलं नाही?

घरचं भूत आलं. ते रक्ताने बांधलेलं असतं, ते बोटीत बसतंच. चाळीच्या खोलीत पोर रडायचं थांबेना, की पत्र गावी जायचं: घरचं काही राहिलंय का, कुळाचं देणं चुकलंय का, कौल लावून पाहा. बाहेरचं भूतही थोडंफार आलं, पिंपळ जिथे असेल तिथे मुंजा उभा राहिलाच. राखणदार मात्र आला नाही. तो येऊच शकत नाही, कारण तो शिवेशी बांधलेला. चाळीला शीव नसते, आणि भाड्याच्या खोलीची हद्द कोण राखणार?

इथे स्लाव लोकांची रीत वेगळी पडते. त्यांचा घरधनी दोमोवोय हा चुलीमागे राहणारा म्हातारा. घर बदलताना घरची बाई त्याला आवर्जून बोलावते. जुन्या चुलीतले निखारे भांड्यात घेऊन, किंवा एखादं जुनं पायताण पुढे धरून त्याला त्यात बसायला सांगते, आणि नव्या घरी नेते. बोलवायला विसरलं तर तो ओसाड घरात रडत बसतो. म्हणजे रशियन शेतकऱ्याचा रक्षक सामानाबरोबर हलतो. आपला हलत नाही, म्हणून माणसालाच त्याच्याकडे जावं लागतं. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावी का पळतो, याची कारणं खूप दिली गेली आहेत: शेती, वाटणी, नाती. त्यात मी हे एक घालीन. राखण द्यायची असते, आणि ती तिथेच द्यावी लागते.

मुंबईला स्वतःचे राखणदार नव्हते असं नाही. कॉटन ग्रीनला लागून घोडपदेव आहे. तिथला देव म्हणजे शेंदराने माखलेला खडक, मूळचा कोळ्यांचा. समुद्र जवळ होता तेव्हापासूनचा. पुढे भराव पडला, समुद्र लांब गेला, गोदामं आणि रूळ आले. देव जागेवरच राहिला. पण तो या जागेच्या जुन्या मालकांचा. नंतर आलेल्या कोकण्यांनी आणि घाटावरच्यांनी त्याला हात जोडले, तरी आपलं वर्षाचं देणं गावीच पाठवलं.

'वीज आली आणि भुतं पळाली' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली, ती गिरणगावाच्या पूर्वेच्या हार्बर मार्गाने. त्यानंतरही अनेक दशकं गिरणगावात अंगारे, उतारे, कौल चालू राहिले. भुतं उजेडाने जात नाहीत. ती ज्या कामाशी, ज्या जागेशी बांधलेली असतात ते काम, ती जागा गेली की जातात. रशियन किकिमोरा पाहा. रात्री चातीवर बसून सूत काततं आणि घरच्या बाईने टकळी नीट ठेवली नसेल तर सुताचा गुंता करून ठेवतं, असं हे भूत. ते घरात सूत कातलं जातं म्हणून आहे. गिरणगावात केवढं तरी सूत निघालं, पण ते सूतखात्यात, मालकाच्या यंत्रावर, पाळीच्या भोंग्यावर. चाळीतल्या घरात एक धागाही कातला जात नव्हता. किकिमोरा जन्मायला सूत पुरत नाही, सूत स्वतःचं असावं लागतं.

हा सगळा आढावा प्रेमाने लिहिताना एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. अळवंतीण, डाकीण ही नावं जिवंत बायकांनाही चिकटवली गेली आहेत. गावातली गुरं मेली, पोर दगावलं, आणि एकट्या राहणाऱ्या बाईवर बोट दाखवलं गेलं. देवरुषाने मिरचीची धुरी दिली, मारहाण केली, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला उशीर केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षं ज्या कायद्याचा आग्रह धरला तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर आला. त्या कायद्याने लोककथेला हात लावलेला नाही, तो माणसाला इजा करणाऱ्या कृतीला आडवा येतो. ज्याला मुंज्याची गोष्ट प्यारी आहे त्याने या कायद्याच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे. गोष्ट सांगायची असेल तर तिच्यापायी कुणाच्या अंगावर वळ उठता कामा नयेत.

पडद्यावरच्या भुतांबद्दल थोडक्यात. 'रात्रीस खेळ चाले' या २०१६ च्या मालिकेने कोकणातलं घर आणि त्यातली घरची भीती घराघरांत नेली. 'तुंबाड' (२०१८) मधला हस्तर ही नवी निर्मिती, लोकपरंपरेत तो नाही; तरी हाव आणि खजिना यांचं नातं त्यात बायंगीच्या जातीचं आहे, म्हणून तो खरा वाटतो. 'मुंज्या' (२०२४) ने मुंज झालेलं, हट्ट अपुरा राहिलेलं पोर हा गाभा राखला, हे मला आवडलं. तिकडे 'विचर'च्या मालिकेत किकिमोरा झाली आहे अनेक पायांचा दलदलीतला राक्षस. चातीवर बसलेली ती म्हातारी नाहीशी झाली. भुताला फक्त भीतीसाठी वापरलं की त्याची मागणी हरवते. आणि या सगळ्या मंडळींना, मुंज्यापासून दोमोवोयपर्यंत, काहीतरी हवं असतं. आपल्याकडे नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांनी ती मागणी ओळखून लिहिलं.

आता गिरणगाव पाडलं जातंय. चाळींच्या जागी मनोरे येताहेत, आणि गावाच्या खोलीत राहिलेले म्हातारे थोडे उरलेत. जॅक्सनच्या मास्तरांनी कोकणात केलं ते काम लालबाग-परळ-काळाचौकीत व्हायला हवं, आणि आत्ताच. कुणाला काय दिसलं हे विचारण्यापेक्षा दुसरेच प्रश्न विचारायला हवेत. पोर आजारी पडलं तेव्हा पत्र कुणाला लिहिलं? वर्षाचं देणं गिरणीच्या पगारातून किती जायचं? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यावर, पगार बंद असताना, ते कसं पाठवलं? आणि गाऱ्हाण्याबद्दल जरूर विचारावं. कोकणात नारळ ठेवून गावचा मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. त्यात गावातल्या माणसांची राखण मागून झाली की पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या लेकरांची राखणही मागतात. शिवेपलीकडे ज्याला जाता येत नाही त्याच्याकडेच ही मागणी असते. ती गाऱ्हाण्यात केव्हापासून आली, कोणत्या गावात कोणत्या शब्दांत आली, आणि गिरण्या बंद झाल्यावर त्या शब्दांत काय बदललं, हे आज कॉटन ग्रीनच्या गावकरी मंडळांतली म्हातारी माणसं सांगू शकतील.